आंब्यावरचं प्रत्येक बांडगूळ बांडगूळ नसतं. वांडा ऑर्किड ओळखा, वाचवा, वाढवा

नांदेड/लातूर : बांधावरच्या जुन्या आंब्यावर काही वेगळं उगवलेलं दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो, 'बांडगूळ लागलं, काढून टाका.' कोयता घेऊन कुणीतरी वर चढतं आणि पाच मिनिटांत फांदी साफ होते. पण त्यात कधी कधी बिचारं एक निरपराध झाडही जातं. ते म्हणजे 'वांडा टेसेलाटा' नावाचं ऑर्किड. काही भागात याला बांदे किंवा रास्ना म्हणतात, तर कुठे सरसकट बांडगूळच.

किनवट, माहूर भागातल्या पानझडी जंगलात आणि गावोगावच्या जुन्या आंबा, मोह, जांभळाच्या झाडांवर हे ऑर्किड वाढतं. कोकणातल्या दमट हवेतच ऑर्किड येतात हा समज खरा नाही. ही जात कोरड्या, उष्ण भागातली आहे. 'वांडा' हे शास्त्रीय नावही आपल्याच संस्कृत 'वंदा' या शब्दावरून पडलेलं आहे. रॉक्सबर्ग या वनस्पती अभ्यासकाने 1795 मध्ये या जातीची शास्त्रीय नोंद केली.

फरक कसा ओळखायचा?

खरं बांडगूळ फांदीच्या आत मूळ घुसवतं. जिथे ते चिकटतं तिथे फांदीला गाठ येते. त्याच्या फांद्या लाकडासारख्या, पानं रुंद आणि जाड, फुलं नळीसारखी लांबट केशरी-लाल असतात. पक्षी त्याची चिकट फळं खातात आणि बी दुसऱ्या फांदीवर पुसतात. त्यामुळे ते झपाट्याने पसरतं. हे झाडाचा रस पितं, म्हणून फळं धरायच्या आधीच गाठीच्या खालून फांदीसकट कापलेलं बरं.

वांडाचं तसं नाही. त्याची पांढरी, बोटभर जाडीला जवळ जाणारी मुळं सालीवर वरच्या वर चिकटलेली असतात. गाठ नसते. पानं अरुंद, वितभर लांब, मधोमध दुमडलेली आणि दोन ओळींत समोरासमोर असतात. पानाचं टोक कातरल्यासारखं दिसतं. फुलं पिवळसर-हिरवी, त्यावर तपकिरी चौकटीची नक्षी आणि मधली पाकळी जांभळट, वर सुवासही. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत फुलं येतात. हे ऑर्किड आंब्याचा रस पीत नाही. झाड त्याच्यासाठी फक्त बसायची जागा. पाऊस, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यावर ते जगतं.

मुळावरचा पांढरा थर स्पंजासारखा असतो. पाऊस पडला की पाणी शोषून मूळ हिरवं दिसतं, वाळलं की पुन्हा पांढरं. मे महिन्यात झाड मेल्यासारखं वाटलं तरी उपटू नका. पहिल्या पावसानंतर मुळाला हिरवी टोकं फुटतात.

बी पेरून का येत नाही?

याच्या एका शेंगेत धुळीसारखं बारीक बी असतं, पण त्यात अन्नाचा साठा नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. 1922 मध्ये नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. आजच्या प्रयोगशाळेतली रोपं त्याच वाटेने येतात. घरी ते जमत नाही. रोपाला फुलावर यायलाही काही वर्षं लागतात. म्हणूनच कोयत्याच्या एका घावाने गेलेलं झाड लवकर भरून निघत नाही.

लावायचं कसं?

जंगलातून उपटून आणू नका. वन विभागाच्या परवानगीशिवाय जंगलातून रोपं आणणं गुन्हा ठरू शकतो. वादळात पडलेल्या किंवा स्वतःच्या शेतात तोडाव्या लागलेल्या झाडावरचं ऑर्किड मात्र जरूर वाचवा. रस्ता रुंदीकरणात झाडं जात असतील तर संबंधितांना विचारून काढून घ्या.

1. मुळं ओढून तोडू नका. सालीचा तुकडाच मुळांसकट सोलून घ्या.

2. आंबा, चिंच, जांभूळ अशा खरबरीत सालीच्या झाडावर सुतळीने किंवा सुती पट्टीने बांधा. निलगिरीची साल गळते, तिथे टिकत नाही. जून-जुलैमध्ये बांधलं तर मुळं लवकर धरतात.

3. कुंडीत लावायचं तर माती आणि शेणखत अजिबात नको. बाजूला भोकं असलेली कुंडी घ्या, त्यात विटांचे तुकडे, लाकडी कोळसा आणि नारळाची शेंडी भरा. मुळाला हवा लागली पाहिजे.

4. सकाळचं कोवळं ऊन चालतं. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात पानं करपतात, तेव्हा झाडाची सावली किंवा पन्नास टक्क्यांचं शेडनेट लागतं.

5. उन्हाळ्यात सकाळी मुळांवर पाणी फवारा. पाऊस सुरू असताना गरज नाही. शेंड्यात पाणी साचून राहिलं तर कूज लागते.

6. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मुळांवर पांढरा थर बसतो. पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी सर्वात चांगलं. 2016 मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे झाड घागरभर पाण्यात कितीतरी दिवस निघतं.

7. मुळं फुटू लागली की 19:19:19 खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा फवारा. जास्त दिलं तर मुळं जळतात.

8. मिलीबग दिसला तर ओल्या कापडाने पुसून काढा. 2022 मध्ये लातूर जिल्ह्यात सोयाबीन फस्त करणाऱ्या गोगलगायी मुळांची कोवळी टोकंही खातात. रात्री टॉर्च घेऊन वेचा.

झाड मोठं झालं की बुडाशी किंवा खोडाला बाजूचं पिलू येतं. त्याला स्वतःची दोन-तीन मुळं फुटल्यावरच वेगळं करा.

पैसे मिळतील का?

खरं सांगायचं तर हे नगदी पीक नाही. बाजारातली कापून विकायची ऑर्किड बहुतेक डेंड्रोबियमच्या संकरित जातीची असतात. त्यांना पॉलीहाऊस आणि दमट हवा लागते. औषधासाठीही मुळं उपटू नका. 'रास्ना' या नावाने वेगवेगळ्या भागात वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. सगळी ऑर्किड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' करारात येतात, त्यामुळे परवान्याशिवाय परदेशात पाठवता येत नाहीत.

गावाने काय करायचं?

2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गावातल्या अशा झाडांची नोंद करता येते. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. फोटो, झाड आणि गट नंबर एवढं दिलं तरी सुरुवात होते.

बांधावरचा आजोबांच्या हातचा आंबा गेला की त्याच्यासोबत हे ऑर्किडही जातं. आंबा नव्याने लावता येतो, दहा वर्षांत मोठाही होतो. पण त्यावर वांडा आपोआप येईलच असं नाही. म्हणून यंदा झाडावर चढाल तेव्हा आधी गाठ आहे का ते बघा. गाठ असेल तर कोयता चालवा, नसेल तर खाली उतरा.