दोन घटिकांचे सामायिक आणि आचार्यश्रींची पाच मिनिटे

आजचे युग धावपळीचे आहे, माणसाला क्षणाची उसंत नाही, हे वाक्य चातुर्मासातील प्रत्येक प्रवचनात एकदा तरी कानी पडते. श्रोते मान डोलावतात, आणि प्रवचन संपताच चपला शोधू लागतात. तक्रार खरी आहे. परंतु ती नवी आहे असे मानणे इतिहासाला धरून नाही. गृहस्थाला उसंत नसते हे जैनाचार्यांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच गृहीत धरले होते. तसे नसते तर श्रावकाच्या बारा व्रतांत सामायिकाला स्थान देण्याचे कारणच उरले नसते. सामायिकाची गणना चार शिक्षाव्रतांत होते आणि येथे ‘शिक्षा’ म्हणजे अभ्यास. मुनींची समता ज्याला आयुष्यभर साधणार नाही, त्याने ती दिवसातून थोडा वेळ गिरवावी, एवढाच या व्रताचा साधा हेतू.

हा थोडा वेळ म्हणजे किती, याचेही माप ठरलेले आहे. साठ घटिकांचा एक अहोरात्र. चोवीस मिनिटांची एक घटिका. दोन घटिका म्हणजे एक मुहूर्त, आजच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस मिनिटे. दिगंबर परंपरेत सहा घटिकांचे सामायिक उत्कृष्ट, चार घटिकांचे मध्यम आणि दोन घटिकांचे जघन्य मानले जाते. श्वेतांबर आणि स्थानकवासी घरांतूनही एका सामायिकाचे माप अठ्ठेचाळीस मिनिटांचेच. पूर्वी घटिका मोजण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली वाटी सोडीत. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. लग्नसमारंभात मुहूर्तासाठी मांडलेले घटिकापात्र अनेक वृद्धांनी लहानपणी पाहिले असेल. पुढे सामायिकासाठी वाळूची घडी आली आणि आसन, मुहपत्ती, माळ यांच्या शेजारी तिने जागा मिळविली.

या मापामागे मनाचा चांगला अभ्यास आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी ध्यानाची व्याख्या करताना चित्त एका विषयावर रोखून धरण्याची कालमर्यादाही सांगून टाकली आहे. ती अंतर्मुहूर्ताची, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आतली. आणि तीही उत्तम संहननाच्या, अर्थात असामान्य शरीरबल असलेल्या साधकासाठी. सामान्य माणसाचे मन तासन्‌तास एका जागी राहील असा भ्रम शास्त्रकारांना नव्हता. समन्तभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सामायिकातील गृहस्थाला दिलेली उपमा तर मोठी हृद्य आहे. त्या वेळेपुरता त्याचा आरंभ आणि परिग्रह सुटलेला असतो, म्हणून तो मुनीच होय. फक्त कोणीतरी अंगावर वस्त्र टाकलेला मुनी. घटिका संपली की तो पुन्हा दुकानदार, शेतकरी किंवा गृहिणी होतो, आणि याबद्दल ग्रंथकाराची काही तक्रार नाही.

सामायिकाचे पाच अतिचारही त्याच सूक्ष्म दृष्टीने सांगितले आहेत. मन, वचन आणि काया भलतीकडे जाणे हे पहिले तीन. अनादर, म्हणजे उरकून टाकण्याची वृत्ती, हा चौथा. आणि पाचवा ‘स्मृत्यनुपस्थान’. आपण काय करीत आहोत याचे भानच जागेवर नसणे, असा त्याचा अर्थ. पुणिया श्रावकाची कथा समाजात सर्वांना ठाऊक आहे. एके दिवशी सामायिकात त्याचे चित्त स्थिर होईना, तेव्हा त्याने सामायिकाला दोष न देता घरात चौकशी केली. न विचारता उचललेली एक गोवरी चुलीत आली होती, असे निघाले. बसण्याच्या घटकेतील अशांतीचे मूळ उरलेल्या अठ्ठावन्न घटिकांत शोधायचे असते, हे त्या कथेत आहे.

‘स्मृत्यनुपस्थान’ या शब्दापाशी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. बौद्ध परंपरेत ‘स्मृत्युपस्थान’, पालीत ‘सतिपट्ठान’, ही साधना प्रसिद्ध आहे. त्यातील ‘सति’ या शब्दासाठी ऱ्हीस डेव्हिड्स या पाली पंडिताने १८८१ साली इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबात-झिन यांनी रुग्णांच्या तणावनिवारणासाठी याच साधनेवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे तो शब्द जगभर गेला. आता तो कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून आणि मोबाइलवरच्या ॲपमधून पुण्या-बारामतीच्या तरुणांपर्यंत परत आला आहे. बौद्धांनी जी गोष्ट साधना म्हणून सांगितली, तिचाच अभाव जैन सूत्रकाराने सामायिकाचा दोष म्हणून नोंदविला. दोन्ही श्रमण परंपरा एकाच भूमीत, एकमेकींच्या शेजारी वाढल्या, याची ही एक छोटी खूण आहे. तेव्हा कोणी तरुण माइंडफुलनेसचे नाव काढताच घरातील वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावण्याचे कारण नाही. आणि तरुणाने ही वस्तू परदेशातून आली असे समजण्याचेही नाही.

मधल्या काळात भारतातही ध्यानाचे पुनरुज्जीवन झाले. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली मुंबईत विपश्यनेचे पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. त्याच सुमारास, १९७५ साली, तेरापंथातील मुनी नथमल, पुढचे आचार्य महाप्रज्ञ, यांनी प्रेक्षाध्यानाची पद्धत मांडली. अशा शिबिरांत अनेक जैन कुटुंबांतील माणसे जातात. दहा दिवस मौन पाळून परतलेल्याच्या घरातच, कपाटात, आजीची वाळूची घडी पडून असते.

ती कपाटात का गेली, याचे उत्तर नीरेच्या या खोऱ्यातही सापडते. एके काळी येथील दिवस सूर्योदयापासून मोजला जाई. घटिका सूर्याची, म्हणून ऋतूप्रमाणे सामायिकाची वेळही मागेपुढे सरके. मग १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि कोऱ्हाळे बुद्रुकच्या या पट्ट्यात पाण्याच्या पाळीचा काळ आला. पाळी मध्यरात्री आली तर शेतकऱ्याला मध्यरात्रीच उठावे लागते. १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली. इंदापूर तालुक्यात १९३३-३४ च्या सुमारास वालचंद हिराचंद यांनी, म्हणजे सोलापूरच्या एका दिगंबर जैन घराण्यातील उद्योगपतीनेच, साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. पुढे सोमेश्वर आणि माळेगावचे सहकारी कारखाने झाले. गळीत हंगाम, पाळ्या आणि भोंगा यांनी दिवसाची नवी वाटणी केली. ऊस आला, पैसा आला, दुकाने वाढली, मुले शिकली. या समृद्धीला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे दुकान आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांचा मेळ बसेना, आणि सायंकाळचे सामायिक गल्ल्याच्या हिशेबात बुडाले. पहाटेचे टिकले ते बहुधा घरातील स्त्रियांमुळे. या गोष्टीची नोंद समाजाच्या इतिहासात फारशी कोणी करीत नाही.

व्यापार आणि अंतर्मुखता यांचे वैर आहे असे मात्र नव्हे. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या तरुण मोहनदास गांधींची मुंबईत श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली. राजचंद्र जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. लाखोंचे सौदे होत. गांधीजींनी आत्मकथेत त्यांच्याविषयी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पेढीवर त्यांच्याजवळ एखादे धर्मपुस्तक आणि रोजनिशी सदैव असे, आणि व्यवहाराचे बोलणे संपताच ते त्यांपैकी एक उघडीत, ही आठवण त्या प्रकरणात आहे. दोन गिऱ्हाइकांमधला रिकामा वेळ त्यांनी असा वापरला. सोलापूरचे ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांनी दुसरा मार्ग धरला. १९४० च्या सुमारास न्यायाने मिळविलेले धन धर्मकार्यास लावण्याचा निश्चय करून ते देशभर विद्वानांना भेटले. १९४१ साली गजपंथा क्षेत्री विद्वानांची सभा भरवून जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली. १९४४ साली सुमारे दोन लाखांची सर्व संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. आणि १६ जानेवारी १९५७ रोजी समाधिमरण साधले. असा त्याग वंदनीय खरा, पण तो सर्वांना पेलणारा नाही. ज्याला दुकान सोडता येत नाही त्याने काय करावे, हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचे उत्तर चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागरजी महाराजांनी दिले. आणि ते देणारे महाराज स्वतः एके काळी दुकानावर बसलेले होते. १८७२ साली जन्मलेले सातगौडा पाटील हे बेळगाव जिल्ह्यातील भोजचे. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळचे ते गाव. घरी शेती, शिवाय कापडाचे दुकान. दुकान प्रामुख्याने धाकटे बंधू सांभाळीत. ते नसताना गिऱ्हाईक आले तर सातगौडा सांगत, पाहिजे ते कापड निवडा, आपणच मोजून घ्या, पैसे ठेवा किंवा वहीत लिहून ठेवा. त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग व्यापारी समाजात आजही कौतुकाने सांगितला जातो. ‘आणि तरी दुकान चालले?’ असा प्रश्नही लगेच विचारला जातो. १९२० साली यरनाळ येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली, १९२४ साली समडोळी येथे ते आचार्य झाले, आणि दक्षिणेतून उत्तरेपर्यंत पायी विहार करून त्यांनी शतकांनंतर दिगंबर मुनिपरंपरा लोकांसमोर पुन्हा उभी केली. नीरेच्या दोन्ही काठांशी त्यांचे नाते विशेष. १९५१ चा चातुर्मास बारामतीचा; आणि नदीपलीकडे फलटण येथे त्यांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरून जतन करण्यात आले.

दृष्टी अधू झाली. पायाखालचा जीव दिसेना, म्हणजे ईर्यासमिती पाळली जाईना. तेव्हा महाराजांनी कुंथलगिरी सिद्धक्षेत्री १४ ऑगस्ट १९५५ पासून सल्लेखना आरंभिली आणि छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबर रोजी, देह ठेवला. या काळात, उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरच्या सायंकाळी त्यांनी समाजाला अखेरचा उपदेश केला. तो मराठीत होता, आणि ध्वनिमुद्रण यंत्रावर उतरविण्यात आला.

त्या उपदेशाचा गाभा आत्मचिंतन हा आहे. दान, पूजा, तीर्थयात्रा यांनी पुण्यबंध होतो. कर्मनिर्जरा मात्र आत्मचिंतनाने, असे महाराज सांगतात. मग ते वेळेकडे वळतात. चोवीस तासांत सहा घटिका उत्कृष्ट, चार मध्यम, दोन जघन्य. इथपर्यंत हे परंपरेचेच माप. पण ते तिथे थांबत नाहीत. तेवढे होत नसेल तर निदान दहा-पंधरा मिनिटे. तेही नाही तर निदान पाच मिनिटे तरी करा, असे ते विनवितात. आयुष्यभर स्वतःच्या चर्येत तसूभर सवलत न घेणारा हा तपस्वी दुसऱ्यांसाठी मात्र पायरी पायरीने खाली उतरत येतो.

शास्त्री मंडळी येथे एक शंका काढतील आणि ती रास्त आहे. जघन्य दोन घटिकांची. त्याहून कमी ते सामायिक कसे? उत्तर त्यांच्या शब्दयोजनेतच आहे. पाच मिनिटांना त्यांनी सामायिक म्हटलेले नाही, आत्मचिंतन म्हटले आहे. व्रताचे माप त्यांनी मोडले नाही. माप पुरे करता येत नाही म्हणून जो काहीच करीत नाही, त्याच्यासाठी दार किलकिले ठेवले. हा भेद अलीकडे पुसट होऊ लागला आहे. एकीकडे पाच मिनिटे डोळे मिटून सामायिक झाल्याचे समाधान, तर दुसरीकडे पर्युषणात सामायिकांची संख्या मोजून बक्षिसे. संख्येच्या चढाओढीत चौथा अतिचार, अनादर, कधी आत येतो ते कळत नाही. आणि आसनाशेजारी पालथा ठेवलेला मोबाइल थरथरला की पाचवाही येतो. पालथा ठेवला तरी कान तिकडेच असतो.

लोकांना वेळ नाही, हे महाराजांना १९५५ सालीच कळले होते. तेव्हा दूरदर्शन नव्हते, मोबाइल नव्हता. खेडोपाडी वीजही नव्हती. तरीही पाच मिनिटे मागावी लागली.

कुंथलगिरीच्या त्या ध्वनिमुद्रणात आवाज क्षीण आहे. सव्वीस दिवस अन्नावाचून राहिलेल्या देहाचा तो आवाज. उपदेश सुमारे बावीस मिनिटांचा भरला. घंगाळातली वाटी बुडायला अजून दोन मिनिटे शिल्लक होती.