घरातली माती, बाहेरची भट्टी

सोलापुरात मातीकामाचा मान जुना. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांवर एका कुंभारकन्येचं मन बसलं. ते पडले योगी, म्हणून त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची मुभा दिली, अशी कथा आहे. त्यांच्या गड्ड्याच्या जत्रेत आजही संक्रांतीच्या आदल्या दिवशी संमती कट्ट्यावर, सात नंदीध्वजांच्या साक्षीनं, त्या लग्नाच्या अक्षता पडतात. ग्रामदैवत कुंभारांचे जावई, असं आम्ही कौतुकानं सांगतो. एरवी वर्षभर कुंभाराला कोण किती विचारतं, ते सोडा.

घराघरांतल्या बायका-पोरांची माती वेगळी. अक्कलकोटकडे कानडी बोलणाऱ्या घरांत ज्येष्ठातल्या अवसेला मण्णेत्तिन अमावास्या असते. त्यासाठी माझी अज्जी ओढ्याकाठची काळी माती आणून बैलजोडी करायची. काळी माती पाण्यानं फुगते, वाळताना आकसते. शेताला भेगा पडतात तशा बैलाच्या मानेलाही पडायच्या. म्हणून अज्जी मळतानाच थोडा कापूस घालायची. हे बैल कोणी भाजत नसे. पूजा झाली की पाण्यात. आवा रचायचा, शेणी-लाकूड लावायचं आणि सातशे-आठशे अंशांचा जाळ सांभाळायचा, ते कुंभाराचं काम. घडवणं घरात, भाजणं घराबाहेर.

ही वाटणी मोडली पॉलिमर क्लेनं. तीही निघाली एका घरच्याच धंद्यातून. जर्मनीत केथे क्रूझे यांचा बाहुल्यांचा कारखाना होता. १९३९ च्या सुमारास त्यांची मुलगी सोफी, घरातली फिफी, बाहुल्यांच्या डोक्यांसाठी नवा पदार्थ शोधत होती. तिला सापडलेला पदार्थ कारखान्यात चालला नाही. पुढे तो एबरहार्ड फाबर कंपनीनं घेतला आणि १९६६ मध्ये ‘फिमो’ म्हणून बाजारात आणला. नावात क्ले, पण आत माती कणभर नाही: पीव्हीसीची पूड, तिला मऊ ठेवणारं द्रव्य आणि रंग. पाणीच नाही, मग आकसणार काय? भाजायला ११० अंश आणि अर्धा तास पुरतो.

माझ्याकडे पॉलिमर क्ले शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशीच बाहुली करायची असते. मी डूल करायला लावते. पातळ, सपाट, दोन्ही एका जाडीचे. जाडी सारखी नसली की कडा करपते आणि मध्य कच्चा राहतो. आपल्या मे महिन्यात पारा ४४ ला टेकतो, तेव्हा पाकीट खिडकीत ठेवू नका. भाजायच्या आधीच ते कडक व्हायला लागतं. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही, आत वेगळा तापमापक हवाच. १३० च्या वर गेलं तर पीव्हीसी घातक वायू सोडू शकतं. म्हणून नानकटाईचा ओव्हन यासाठी वापरायचा नाही. माझा जुना ओव्हन मागच्या पडवीत आहे. कुंभारही आवा घरात लावत नव्हताच.