चिंचवड ते चाकण : सपाटीवरचा इतिहास



इतिहासाच्या तासाला आपण जे शिकलो ते बहुतेक सगळे डोंगरावर घडलेले होते. शिवनेरी, राजगड, प्रतापगड, रायगड. शाळेच्या सहलीही तिकडेच जायच्या. आपण मात्र राहत होतो पवना आणि इंद्रायणीच्या मधल्या सपाट मुलखात. कंपनीचा भोंगा, रेल्वेचे फाटक आणि जुना मुंबई-पुणे रस्ता ही आपली जगाची सीमा. इथे काही घडून गेले असेल असे कुणाच्या मनातही यायचे नाही.

गेली काही वर्षे आमचा एक छोटा गट रविवारी पहाटे सायकली बाहेर काढतो. त्यात आपल्याच वर्गातले चौघे आहेत. चिंचवड, देहू, सुदुंबरे, इंदोरी, चाकण, आळंदी आणि परत चिंचवड असा साठ-सत्तर किलोमीटरचा आमचा आवडता फेरा. चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांना परवडेल असा, कारण वाटेत एकही घाट नाही. पण ही सपाटी नुसती सायकलवाल्यांच्या सोयीची नाही. इथला इतिहास तिच्यामुळेच घडला आणि आज तिच्यामुळेच पुसला जातो आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा हाच फेरा लिहून काढायचे ठरवले.

सुरुवात आपल्या गावापासून. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आणि जवळच मंगलमूर्ती वाडा. या देवस्थानाचा लौकिक इतका होता की १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही इंग्रज प्रवासी लेखिका मुद्दाम चिंचवड पाहायला आली होती. पलीकडच्या आळीत चापेकरांचा वाडा. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढच्या दोन वर्षांत दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे भाऊ फासावर गेले. हे आपल्याला पाठ आहे. पुढची गावे मात्र आपण फक्त बसच्या पाटीवर वाचली.

निगडी सोडली की देहूरोड येते. इथल्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. त्याच १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि आपल्या उद्योगनगरीचा पाया घातला गेला. आपल्यातल्या अनेकांचे आजोबा नाहीतर वडील त्यानंतर आलेल्या कारखान्यांसाठीच गाव सोडून इकडे आले आणि काळ्या, जड सायकलीवर डबा अडकवून पहिल्या पाळीला जात राहिले. रविवारी हेल्मेट घालून निघणाऱ्या आम्हा मंडळींच्या आधी हा रस्ता त्यांनी सायकलने तुडवला आहे.

देहूला पोचेपर्यंत ऊन कोवळेच असते. सतराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात तुकोबांच्या घरातली माणसे आणि व्यापार दोन्ही गेले. त्यानंतर वडिलोपार्जित सावकारीतल्या आपल्या वाट्याच्या गहाणखतांचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले, असे परंपरा सांगते. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी पालखी सुरू केली. तिचा देहूबाहेरचा पहिला मुक्काम आजही आकुर्डीला असतो, म्हणजे आपला निगडीचा रस्ता वारीच्याच वाटेवर आहे.

इंद्रायणी ओलांडून येलवाडीवरून आपण तळेगाव-चाकण रस्त्याला लागतो. डाव्या हाताला थोड्या अंतरावर सुदुंबरे. इथे संताजी जगनाड्यांची समाधी आहे. संताजी मूळचे चाकणचे, व्यवसायाने तेली. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. संताजींना मूठमाती द्यायला तुकोबा परत आले, अशी कथा वारकरी सांगतात. अभंग देहूत झाले आणि ते लिहून ठेवणारा हात चाकणचा होता. दोन्ही गावांत सायकलने तासाभराचे अंतर. तुकोबांचा गाथा आपण अभ्यासला, पण तो कागदावर उतरवणारा माणूस आपल्या इतक्या जवळचा होता, हे मला सायकलवर कळले.

आणखी पुढे इंदोरी. सरसेनापती दाभाड्यांची गढी इथे इंद्रायणीच्या काठी उभी आहे. भक्कम दरवाजा, बुरूज आणि आत कडजाई देवीचे मंदिर. खंडेराव दाभाड्यांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतीपद दिले. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले, तेही बाजीराव पेशव्यांशी लढताना. त्यानंतर दाभाड्यांच्या दौलतीचा कारभार खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंनी हाती घेतला. आपल्या वर्गात मुलींच्या बाकावर जिजाबाई आणि अहिल्याबाई नेहमी असायच्या. उमाबाई शेजारच्या गावच्या असून कधी आल्या नाहीत. याच परिसरात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल होता. १५ जून २०२५ रोजी तो कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

आता मागे वळून थेट चाकण. हे नाव चाकावरून आले असे लोक सांगतात. दशरथाच्या रथाचे चाक इथे पडले, म्हणून इथला देव चक्रेश्वर. सायकलवाल्यांनी ही कथा फारशी तपासू नये!

तपासावी ती संग्रामदुर्गाची गोष्ट. हा भुईकोट. कडा नाही, सुळका नाही, चढाई नाही. संरक्षण काय ते तटाचे, बुरुजांचे आणि भोवतालच्या पाण्याने भरलेल्या खंदकाचे. पुणे, सुपे आणि चाकण ही शहाजीराजांची जहागीर. १६६० मध्ये चाकणचा किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. त्या वर्षी मे महिन्यात शाहिस्तेखान पुण्यात उतरला आणि ऐन पावसाच्या तोंडावर, २१ जूनच्या सुमारास, त्याने चाकणला वेढा घातला. एवढ्या मोठ्या मोगल सरदाराला या छोट्या कोटाचे काय पडले होते? कारण साधे होते, रस्ता. चाकण हाती आले की अहमदनगरहून येणारी रसद डोंगरात न शिरता पुण्याच्या तळाला पोचू शकत होती. खानाला गड नको होता, सपाट वाट हवी होती.

आत तीनशे-साडेतीनशे माणसे आणि बाहेर मोगलांची फौज. चिखल, पाऊस, तोफा. तरी वेढा जवळजवळ दोन महिने चालला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग पेरला. १४ ऑगस्टला बुरूज उडाला, त्यावरची माणसे गेली. खिंडारातून घुसलेल्या मोगलांना उरलेल्यांनी त्या दिवशीही थोपवून धरले. दुसऱ्या दिवशी मराठ्यांनी किल्ला सोडला. मोगलांची २६८ माणसे पडली आणि सहाशे जखमी झाली. मैदानातल्या एका कोटासाठी इतकी किंमत मोजल्यावर डोंगरी किल्ल्यांच्या वाटेला जाण्याचा खानाचा उत्साह मावळला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात त्याची बोटे तुटली. पण त्या रात्रीच्या आधी हे दोन महिने होते आणि ते आपल्या मागच्या अंगणात घडले होते.

चाकणचे महत्त्व पुढेही रस्त्यानेच टिकवले. पुण्याहून जुन्नर-नाशिककडे जाणारी आणि तळेगावकडून येणारी अशा दोन वाटा इथे मिळतात. म्हणून इथे बाजार वाढला, कांद्याची पेठ झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-भोसरी भरत गेली आणि १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. मग कारखान्यांना जागा हवी झाली तेव्हा नजर पुन्हा याच सपाटीवर गेली. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ चा. मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन २००९ मध्ये आले. शाहिस्तेखानाला रसदेसाठी जे हवे होते तेच कंटेनरलाही हवे असते, सरळ आणि बिनचढाचा रस्ता.

यात वाईट काही नाही. आपली घरे याच रस्त्याने चालवली आणि मी स्वतः याच पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी प्रणाली लिहून पगार घेतला आहे. पण डोंगराने जे आपोआप जपले ते सपाटीवर आपोआप जपले जात नाही. रायगडावर कुणी गोदाम बांधायला जात नाही. भुईकोटाला मात्र प्रत्येक बाजूने कुणाची तरी भिंत येऊन टेकते. संग्रामदुर्गाचे आज तटाचे काही तुकडे, थोडे बुरूज आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत, तेही घरांच्या गर्दीत. तुकोबा जिथे ध्यानाला बसत त्या भामचंद्राच्या पायथ्याशी चाकणच्या दुसऱ्या टप्प्यातले कारखाने आले आहेत. गावांची नावेही हळूहळू ‘फेज’ आणि ‘गेट नंबर’ होत चालली आहेत.

आमच्या क्षेत्रात जुनी प्रणाली कुणी सहजासहजी काढून टाकत नाही, कारण तिच्यावर काय काय उभे आहे हे नव्या माणसाला माहीत नसते. आधी ती वाचावी लागते. या गावांचेही तसेच आहे, आणि वाचायला सायकलचा वेग योग्य पडतो. गाडीतून सुदुंबऱ्याची पाटी दिसते न दिसते तोच मागे पडते. पायी हा सगळा पट्टा एका दिवसात होत नाही. सायकलवर मात्र सकाळी सहाला चिंचवड सोडले तर चहाचे दोन आणि मिसळीचा एक थांबा धरूनही दुपारच्या आत आळंदीला माउलींच्या समाधीपाशी पोचता येते. एक सूचना आवर्जून करते. तळेगाव-चाकण रस्त्यावर अवजड वाहने प्रचंड असतात, तेव्हा रविवारी पहाटेच निघावे, दिवे लावावेत आणि शक्य तिथे आतले गावरस्ते धरावेत. दहा वर्षांपूर्वी शांत असलेले आतले रस्तेही आता रुंद होत आहेत.

म्हणून माझी या मेळाव्याकडे एक मागणी आहे. शाळेच्या नववीची एक सहल दरवर्षी इंदोरी, सुदुंबरे आणि संग्रामदुर्ग अशी काढावी. सायकलने जमले नाही तर बसने. खर्च माजी विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावा. आपल्यातले कितीतरी जण चाकण-तळेगावच्या कंपन्यांत वरच्या जागांवर आहेत. किल्ल्यापाशी नीट वाचता येईल असा माहितीफलक लावणे आणि तिथली सफाई राखणे, यासाठी परवानग्यांचा पाठपुरावा करणे त्यांना अवघड नाही. पहिल्या सहलीला वाट दाखवायला आमचा सायकलगट येईल. मुलांना फिरंगोजीची गोष्ट तिथेच, उरलेल्या बुरुजाजवळ उभे राहून सांगावी. एवढ्याशा कोटात, एवढ्याशा माणसांनी, उघड्या मैदानात दोन महिने काढले ते कसे, हे त्यांना न शिकवताही कळेल.