कोल्हापूरची तालीम : अर्थ आणि उपयोग

‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत तो व्यायामशाळेस लागला आणि कोल्हापुरात त्याहूनही व्यापक झाला. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीस राजाश्रय लाभला. १९१२ मध्ये खासबाग मैदान सिद्ध झाले. परंतु तालीम ही केवळ मल्लांची जागा नव्हे. ती पेठेची सामाईक ओसरी होय. तेथे गणपती बसतो. बाबूजमालसारख्या तालमीत मोहरमचा पंजाही बसतो. पाटाकडील, दिलबहार या फुटबॉल संघांची नावेही तालमींचीच आहेत. म्हणूनच एखाद्या तालमीतील कुस्तीचा आखाडा ओस पडला, तरी संस्था संपत नाही. तिचा इतिहास केवळ कुस्तीचा मानल्यास नगरजीवनाचा मोठा भाग अभ्यासकाच्या दृष्टीआड राहील.