रायपूर : तळ्यांच्या काठी वाढलेली राजधानी

छत्तीसगड राज्याची राजधानी असलेले रायपूर नागपूरच्या पूर्वेस सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर, मुंबई-हावडा लोहमार्गावर वसले आहे. १९०१ च्या जनगणनेत जेमतेम ३२ हजार वस्तीचे असलेले हे गाव २०११ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडून गेले. मराठी वाचकांना रायपूर सहसा आठवते ते नागपूरकर भोसल्यांच्या सुभ्यातील एक ठाणे म्हणून. प्रत्यक्षात त्याचा इतिहास त्याहून जुना आहे.

शहर छत्तीसगडच्या सपाट मैदानात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेकडून वाहणारी खारून नदी पुढे शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. भूगर्भात चुनखडीचा खडक असून परिसरातील सिमेंट कारखाने त्याच्याच आधारावर उभे आहेत. वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उन्हाळा अत्यंत कडक असतो. धानाच्या या मुलखात पावसाचे पाणी अडवून ठेवणे ही जगण्याची अट होती. त्यामुळे गावोगावी तळी खोदली गेली आणि रायपूर तर तळ्यांच्या भोवतीच वाढले.

चौदाव्या शतकात रतनपूरच्या कलचुरी राजघराण्याची एक शाखा या भागात स्थिरावली. राजा ब्रह्मदेवाच्या काळातील १४०२ चा शिलालेख खारूनकाठच्या हाटकेश्वर मंदिराच्या उभारणीचा उल्लेख करतो. मूळ वस्ती याच नदीकाठी होती असे मानले जाते; 'रायपुरा' हे नाव तेथे आजही टिकून आहे. पुढे १४६० च्या सुमारास पूर्वेकडे किल्ला बांधला गेला आणि गाव त्याच्याभोवती सरकले. किल्ला नाहीसा झाला. त्याच्या जोडीचा बुढा तलाव मात्र आहे, तोही पुष्कळ आक्रसलेला. एके काळी त्याचा विस्तार जवळजवळ एक चौरस मैल होता, अशी नोंद आढळते. कंकाली तलाव आणि मराठा राजवटीतील महाराजबंध ही नंतरची भर.

१७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या सैन्याने रतनपूर जिंकले. रायपूरच्या शाखेला थोडी मुदत मिळाली, परंतु १७५७ मध्ये तिचाही अधिकार संपला. शेवटच्या वारसाला बडगाव हे गाव आणि परगण्यातील प्रत्येक गावामागे एक रुपया, एवढीच नेमणूक उरली! बिंबाजी भोसले यांनी १७८७ पर्यंत रतनपुरातून कारभार पाहिला. त्यांच्या पश्चात नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांची राजवट आली. १७९५ मध्ये येथून गेलेल्या कॅप्टन ब्लंट याने रायपुरात तीन हजार झोपड्या मोजल्या. किल्ल्याच्या भिंती त्या वेळीच ढासळू लागल्या होत्या.

रायपूरचे भाग्य पालटले ते एका प्रशासकीय निर्णयाने. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ मध्ये, नागपूर राज्याचा कारभार ब्रिटिश देखरेखीखाली आला. छत्तीसगडचे अधीक्षक अॅग्न्यू यांनी आपले मुख्यालय रतनपूरहून रायपूरला हलविले. रतनपूर उत्तरेकडे एका बाजूला पडत होते, तर रायपूर मैदानाच्या मध्यभागी आणि नागपूरच्या वाटेवर होते. शतकानुशतकांची राजधानी त्यानंतर मागे पडली ती कायमचीच. १८३० मध्ये मुलूख भोसल्यांकडे परत आला आणि १८५४ मध्ये नागपूर राज्यच खालसा झाले, तरी कचेरी रायपुरातून हलली नाही.

सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरातच फाशी देण्यात आली. पुढील महिन्यात छावणीतील हनुमानसिंह यांनी इंग्रज सार्जंट-मेजरला ठार केले; ते निसटले, पण त्यांचे १७ साथीदार फासावर चढले.

यानंतरची वाढ रेल्वेची. १८८० च्या दशकात नागपूरकडून लोहमार्ग आला, १९०० मध्ये धमतरीपर्यंत अरुंद मार्गाची 'छोटी लाइन' सुरू झाली आणि रायपूर धान व वनोपजाची मोठी बाजारपेठ बनले. त्याच वर्षी माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. मराठी घरात जन्मलेल्या, 'गीतारहस्य' आणि 'दासबोध' हिंदीत नेणाऱ्या सप्रे यांचे निधन १९२६ मध्ये रायपुरात झाले. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी राज्य स्थापन झाले आणि जमिनीची मागणी एकदम वाढली. तळी बुजविण्यास सुरुवात मात्र त्याआधीच झाली होती. लेंडी तलावाच्या जागी शास्त्री बाजार भरतो. राजबंधा तलावाचे मैदान झाले आणि तेथे वृत्तपत्रांची कार्यालये उभी राहिली. छोट्या लाइनचे शहरातील रूळ उखडून त्या पट्ट्यावर द्रुतगती मार्ग करण्यात आला. मंत्रालय २०१२ मध्ये नवा रायपूर येथे गेले. या नव्या शहराला २०१८ मध्ये अटल नगर हे नाव मिळाले. तेलीबांधा तलावाचा काठ सुशोभित झाला असून लोक त्याला 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. बुढा तलाव आता विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जातो, कारण बालपणी, १८७७ पासून सुमारे दोन वर्षे, विवेकानंद वडिलांसोबत रायपुरात राहिले होते. त्यांचा भव्य पुतळा सरोवराच्या मध्यभागी उभा आहे. जुन्या वस्तीतील लोक मात्र पत्ता सांगताना अजूनही बुढा तलावच म्हणतात.