दोन स्क्रू आणि सात पोर्ट

यूएसबी हब म्हटलं की आपल्यासारख्या आयटीवाल्यांच्या डोळ्यांसमोर लॅपटॉपच्या कडेला लोंबकळणारा चार तोंडांचा प्लॅस्टिकचा ठोकळा येतो. चारपाचशे रुपयांचा. बिघडला की टाकायचा, दुसरा मागवायचा. पण कारखान्यांसाठी वेगळा हब मिळतो. धातूची डबी, पॅनेलमधल्या ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर (पॅनेलवाले तिला डिन रेल म्हणतात) बसणारी. २४ व्होल्टची वायर आवळायला टर्मिनल, सात पोर्ट, आणि प्रत्येक पोर्टाशेजारी केबल कसून ठेवायला आटे पाडलेलं एक बारीक भोक. किंमत साध्या हबाच्या दहा-वीस पट. आतली हबची चिप मात्र पुष्कळदा त्याच जातीची असते!

मग एवढे पैसे कशाचे? कोल्हापुरात शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एखाद्या मशिनशॉपच्या मालकाला हा हब सुचवून बघा, पहिला प्रश्न हाच येतो. आणि प्रश्न रास्त आहे. डेटाशीट वाचून त्याचं अर्धंच उत्तर मिळतं. उरलेल्या अर्ध्यासाठी जरा मागे जावं लागतं, म्हणून हा वीकांत त्याच्या नावावर.

सुरुवात गावापासून करू. बाहेरचे लोक कोल्हापूरला तांबडा-पांढरा, चपला आणि तालमी यांच्यापुरतं ओळखतात. चूक नाही, पण अपुरं आहे. भोवती ऊस, शाहूपुरीत गुळाची पेठ. उसाला पाणी उपसायला ऑइल इंजिन हवं, ऊस गाळायला चरक हवा, आणि ही यंत्रं ऐन हंगामात बंद पडणार हे ठरलेलं. पार्ट बाहेरून यायची वाट बघत बसलं तर गुऱ्हाळ बसलंच म्हणून समजा. मग जुना पार्ट समोर ठेवून तसाच नवा ओतायचा, लेथवर फिरवायचा आणि संध्याकाळपर्यंत इंजिन चालू करून द्यायचं. उद्यमनगरच्या मेस्त्री लोकांची परंपरा ही अशी. त्यातून पुढे इंजिनं आली, मग ट्रक-ट्रॅक्टरची कास्टिंग्ज आली, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले अशा वसाहती वाढल्या. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत असं सांगतात.

या परंपरेतली एक सवय आपल्या विषयाला महत्त्वाची आहे. इथं मशिन टाकून देत नाहीत. पंचवीस वर्षांचा सीएनसी लेथ नवीन बेअरिंग घालून आरामात चालतो, आणि त्याच्यावर पोट असणारी माणसं त्याला चालवतातच. त्याला जोडलेला कॉम्प्युटर मात्र पाच-सात वर्षांत म्हातारा. म्हणजे एका मशिनच्या आयुष्यात चार कॉम्प्युटर येऊन जातात आणि प्रत्येक वेळी मागची भोकं बदललेली असतात. सगळी भानगड इथून सुरू होते.

सीएनसीचे जुने कंट्रोलर जगाशी बोलायचे ते आरएस-२३२ नावाच्या सीरियल पोर्टातून. हे प्रमाण १९६० सालचं, टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी केलेलं. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून मशिनला भरवत. त्या पट्टीचा ठसा किती खोल आहे बघा. फानुकच्या कंट्रोलरची मेमरी मीटरमध्ये सांगायची पद्धत पडली! ८० मीटर, ३२० मीटर, ६४० मीटर. एका इंचात दहा अक्षरं, म्हणजे मीटरला साधारण ३९४. ८० मीटर म्हणजे जेमतेम ३२ हजार अक्षरं. आणखी एक गंमत. टर्मिनलवर चुकून कंट्रोल-एस दाबून स्क्रीन गोठवलाय ना कधी? मग कोणीतरी सांगतं, कंट्रोल-क्यू दाब. ही दोन अक्षरं मुळात टेलिप्रिंटरच्या पट्टी-वाचकाला 'थांब' आणि 'चल' सांगण्यासाठी होती. जुनं सीएनसी आजही कॉम्प्युटरला तेच सांगतं: थांब, पोट भरलंय; चल, आता पाठव.

फाउंड्रीच्या गावात हे 'थांब-चल' रोजच्या कामाचं. कास्टिंगसाठी आधी पॅटर्न लागतो. पूर्वी तो लाकडाचा, सुताराच्या हातचा. आता बराचसा पॅटर्न कॉम्प्युटरवर आखून व्हीएमसीवर कापतात. वळणावळणाच्या पृष्ठभागाचा प्रोग्रॅम पाच मेगाबाइटचा सहज होतो. पट्टीच्या हिशेबात साडेबारा किलोमीटर, म्हणजे रंकाळ्याला अडीच-तीन वेढे. तो ८० मीटरच्या मेमरीत कसा बसणार? मग कॉम्प्युटर शेजारी ठेवायचा आणि मशिन कापत जाईल तसा प्रोग्रॅम ओळी-ओळीनं पाजत राहायचं. ९६००च्या वेगानं पाच मेगाबाइट नुसते पाठवायलाच दीड तास लागतो. प्रत्यक्ष काम त्याहून लांबतं. तेवढा वेळ केबल हलता कामा नये. म्हणून त्या सीरियल केबलच्या टोकाला दोन बाजूंना दोन स्क्रू असत. स्क्रू ड्रायव्हरनं आवळायचे आणि विसरून जायचं.

आता दुसरा धागा. १९९४च्या सुमारास सात कंपन्या एकत्र आल्या: कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. कॉम्प्युटर, चिपा, सॉफ्टवेअर, टेलिफोन. या यादीत मशिन टूल बनवणारं कोणी नाही. इंटेलच्या चमूचे म्होरके होते अजय भट्ट, आपल्या गायकवाडांच्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. घरच्यांना साधा प्रिंटर जोडताना किती कटकट होते हे बघून हा विचार डोक्यात घोळू लागला, असं त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलंय. प्लग उलटा-सुलटा कसाही बसेल असा का केला नाही, याचंही त्यांचं उत्तर सरळ आहे: वायरी आणि सर्किट दुप्पट, म्हणजे खर्च दुप्पट. जानेवारी १९९६मध्ये यूएसबी १.० आली, १९९८ साली १.१ आणि २००० साली २.०. (१९९८च्या एप्रिलमध्ये बिल गेट्स यांच्यासमोर भर कार्यक्रमात स्कॅनर लावताच विंडोज ९८ निळं पडलं, तेही याच काळातलं. :-))

तर यूएसबी घरातल्या टेबलासाठी जन्मली, आणि त्या कामात ती लाजवाब आहे. कधीही लावा, कधीही काढा, आपोआप ओळख पटेल. पण 'कधीही काढा' हेच वैशिष्ट्य असल्यावर स्क्रू कशाला ठेवायचे? ते गेले. केबल पाच मीटरपर्यंत, कारण टेबल त्याहून मोठं नसतं. आरएस-२३२ पंधरा मीटर जायची. मध्ये हब टाकत गेलात तर जास्तीत जास्त पाच हब, सहा केबली, एकूण तीस मीटर. सिग्नलचे व्होल्टही उतरले. आरएस-२३२ पाठवताना उणे-अधिक ५ ते १५ व्होल्टमध्ये बोलते, यूएसबी ३.३मध्ये, आणि २.०च्या पूर्ण वेगात तर अर्ध्या व्होल्टच्याही खाली. दिवाणखान्यात काही बिघडत नाही. पण शेजारी इंडक्शन फर्नेस गुणगुणतेय, वेल्डिंग चालू आहे, दर मोटरवर ड्राइव्ह बसवलाय, आणि हवेत लोखंडाची बारीक धूळ आहे, तिथे?

इथे एक बारकावा आहे. यूएसबी कच्ची आहे असं नाही. तिच्यात चूक ओळखायची आणि पुन्हा पाठवायची उत्तम सोय आहे, आरएस-२३२मध्ये फार तर पॅरिटी. फरक पडतो तो सगळंच हाताबाहेर गेल्यावर. सीरियल पोर्टावर आवाज घुसला तर एखादं अक्षर बिघडतं, मशिन अलार्म देतं, पण पोर्ट जागेवर असतं. यूएसबीवर मोठा झटका बसला तर हब ते पोर्टच बंद करतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीनं ते यंत्र तिथून नाहीसं होतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी खास संदेश आहे: हबनं पोर्ट बंद केलं, पुन्हा चालू करतोय, आणि मध्ये कंसात 'ईएमआय' आणि प्रश्नचिन्ह. कर्नल लिहिणाऱ्यांनाही शंका विद्युत गोंगाटाचीच आली होती! पोर्ट एका सेकंदात परत येतं हो. पण आपल्या प्रोग्रॅमच्या हातात जुनं, मेलेलं कनेक्शन राहतं. आपण ऑफिसात म्हणतो, 'काढून परत लाव की'.

मशिनशॉपमध्ये तोपर्यंत काय झालेलं असतं? ओळी यायच्या थांबल्या. बफरमध्ये होतं तेवढं कापून मशिन जागेवर थांबलं. स्पिंडल फिरतोय, टूल धातूला टेकलेलं, पुढची हालचाल नाही. फिनिशिंगच्या कटात असं झालं की तिथं डाग उठतो. खरवडून निघाला तर ठीक, नाहीतर जॉब रिजेक्ट. जॉबवर्क करणाऱ्याकडे माल गिऱ्हाइकाचा असतो, म्हणजे मजुरी गेली ती गेलीच, वर मटेरियलची डेबिट नोट. महिनाभर कमावलेलं मार्जिन एका निसटलेल्या प्लगात जाऊ शकतं. हबाच्या किमतीचा हिशेब मालकासमोर मांडायचा तर इथून मांडायला हवा.

लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट २०००च्या दशकात हळूहळू गायब झालं. म्हणून काही ठिकाणी जुना विंडोज एक्सपीचा डबा जपून ठेवला, त्याच्या मागे ते पोर्ट आहे एवढ्याच कारणानं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला तरी डबा चालू. बाकीच्यांनी यूएसबी-सीरियल केबली आणल्या. चार मशिनांना चार केबली, शिवाय कॅमचं डोंगल, बारकोड स्कॅनर, वजनकाटा. एवढी भोकं कॉम्प्युटरला कुठली? अशी हबची गरज पडली, आणि पहिला हब अर्थातच चारपाचशेचा आला.

त्याचे ताप दोन. पहिला, स्वस्त केबलींतल्या पुष्कळ चिपांना स्वतःचा अनुक्रमांकच नसतो. मग विंडोज त्यांना 'कुठल्या भोकात लावलंय' यावरून ओळखतं. झाडलोट करताना प्लग निघाला, पोरानं शेजारच्या भोकात लावला, की कॉम-४चं कॉम-७ झालं आणि प्रोग्रॅमला मशिन सापडेना. त्यातून चार मशिनांच्या केबली आपसात बदलल्या तर... नकोच तो विचार. दुसरा ताप २०१४च्या ऑक्टोबरात जगभर गाजला. एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीच्या चिपांच्या नकला बाजारात बोकाळल्या होत्या. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिपांचा ओळख-क्रमांक त्यानं पुसून शून्य करून टाकला. केबली मेल्या. नकली माल विकणाऱ्याला शिक्षा व्हावी हे कबूल, पण ती केबल घेऊन बसलेल्याला अस्सल-नकली कळणार कसं? ओरड झाली, ड्रायव्हर मागे घेतला गेला. माझ्या मते ती सरळसरळ दांडगाई होती.

तर मजबूत हब म्हणजे टेबलानं जे फेकून दिलं ते कारखान्यानं एकेक करून परत मिळवलेलं आहे. स्क्रू परत आले. २०१३च्या यूएसबी३ व्हिजन या औद्योगिक कॅमेऱ्यांच्या प्रमाणात तर स्क्रूनं आवळायचा प्लग रीतसर नोंदवला गेला. वीज कॉम्प्युटरकडून न घेता पॅनेलच्या २४ व्होल्टवरून आली. पंखा नाही, झरोके नाहीत, म्हणजे धूळ आत जात नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र आयसोलेशन. प्रत्येक शेडचं अर्थिंग वेगळ्या खड्ड्यात. उन्हाळ्यात माती सुकली की ते बिघडतं, म्हणून तर मिठाचं पाणी ओततात. कॉम्प्युटरचं अर्थिंग एका खड्ड्यात आणि मशिनचं दुसऱ्यात असलं की दोघांच्या 'शून्या'त फरक पडतो आणि करंट यूएसबीच्या केबलमधून वाट काढतो. पोर्ट जळतं, कधी मदरबोर्डही. उपाय म्हणजे दोन बाजूंमध्ये तांब्याचा संबंधच ठेवायचा नाही. सिग्नल उजेडानं किंवा चुंबकीय मार्गानं पलीकडे धाडायचा. आरएस-२३२मध्ये जाणारी वायर वेगळी, येणारी वेगळी, त्यामुळे प्रत्येकीवर एक ऑप्टोकपलर टाकला की काम झालं. यूएसबी २.०मध्ये एकाच जोडीवरून दोन्ही बाजू आळीपाळीनं बोलतात. मधल्या चिपला दर वेळी कोण बोलतंय हे ओळखून दिशा बदलावी लागते, तीही सेकंदाच्या अतिशय बारीक भागात. १२ मेगाबिटला हे आधी जमलं, ४८०ला पुष्कळ नंतर. हबच्या किमतीतला मोठा वाटा पुष्कळदा इथं जातो, आणि घेताना लोक नेमकं हेच विचारत नाहीत. 'इंडस्ट्रियल' असं छापलेल्या सगळ्याच हबांत आयसोलेशन नसतं, तेवढं बघून घ्या.

यापेक्षा सरळ रस्ता आहे, हेही सांगायला हवं. मशिनपाशीच सीरियलचं इथरनेट करणारी डबी लावली की यूएसबी मधून जाते आणि अंतराचा प्रश्नही सुटतो. नव्या कंट्रोलरवर तर नेटवर्क असतंच. शिवाय २०१०मध्ये स्टक्सनेट उघडकीस आला. तो इराणच्या नतान्झमधल्या यंत्रांपर्यंत पेन ड्राइव्हवरून पोचला असं मानतात. तेव्हापासून कारखान्यातली उघडी यूएसबी भोकं सगळ्यांनाच खुपतात. तरी डोंगल, स्कॅनर आणि जुनी मशिनं आहेत तोवर हब राहणार.

आणि मोबाईलही. सात पोर्टांपैकी एकावर रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन चार्जिंगला लागणारच, कितीही पाट्या लावा. चांगला हब प्रत्येक पोर्टाचा करंट वेगळा मोजतो. फोननं जास्त ओढलं तर त्याच्याच पोर्टाचा पुरवठा तोडतो आणि शेजारचा पॅटर्न कापला जात राहतो. चारपाचशेच्या हबात पुष्कळदा सगळ्या पोर्टांना मिळून एकच फ्यूज असतो.