तोडणं आणि फोडणं : ओंडका, पाचर आणि आपण



डिसेंबर उजाडला की रियाध, जुबैल, यान्बूकडची आपली मंडळी वाळवंटातल्या रात्रीच्या बेताला लागतात. तंबू, गालिचे, कोंबडीला मसाला, वांग्याचं भरीत, आणि अर्थातच शेकोटी. जळण विकत आणलं की त्यात दोन-चार मांडीएवढे जाड ओंडके निघतातच. मग हार्डवेअरच्या दुकानातून एक चकचकीत कुऱ्हाड येते, तिसऱ्या घावाला ओंडक्यात रुतून बसते, आणि चार इंजिनियर मिळून ती उपसत बसतात. "लाकूड फार टणक आहे हो" असा निष्कर्ष निघतो. खरं तर लाकडाचा दोष थोडाच, दोष हत्याराच्या निवडीचा. आणि ही निवड आपल्या पूर्वजांनी कधीच करून ठेवली आहे.

मराठीत ही दोन वेगळी कामं आहेत. झाड आपण तोडतो, लाकूड मात्र फोडतो. तोडताना लाकडाचे धागे आडवे कापायचे असतात, त्याला पातळ, धारदार पातं लागतं. फोडताना काही कापायचं नसतं. धागे उभेच असतात, त्यांना फक्त एकमेकांपासून दूर लोटायचं असतं. त्याला धारेपेक्षा जाडी लागते. पातळ कुऱ्हाड ओंडक्यात शिरते खरी, पण बाजूला रेटत नाही, म्हणून अडकते. ज्याचे गाल फुगीर आहेत असं हत्यार शिरता शिरताच लाकूड उसवत जातं.

हा इतिहास किती जुना, तर विदर्भापर्यंत मागे जावं लागतं. नागपूरजवळ माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथल्या शिळावर्तुळांच्या उत्खननात लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या. काळ सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. त्यातल्या काही कुऱ्हाडी बघण्यासारख्या आहेत. दांडा घालायला त्यांना भोक नाही. चपटं पातं आणि ते दांड्याला आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, अशी रचना. ही तोडायची कुऱ्हाड म्हणून उत्तम, पण जाड ओंडक्यावर दणके घालायला असली बांधणी किती टिकणार? जाड लाकडासाठी माणसाकडे त्याहून जुना उपाय होता, तो म्हणजे पाचर. रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरच्या आपल्या काव्यात म्हटलंय की करवत येण्याआधी माणसं पाचरीनेच लाकूड फोडत. उत्तर युरोपातल्या व्हायकिंग लोकांनी ओकचे अख्खे बुंधे पाचरींनी उभे चिरून जहाजाच्या फळ्या काढल्या, करवत न लावता. फोडलेल्या फळीत धागा तुटत नाही, म्हणून ती कापलेल्या फळीपेक्षा चिवट असते.

आपल्याकडे ही विद्या शेवटी वखारीत येऊन थांबली. गॅस घरोघरी पोचण्याआधी पुण्या-मुंबईतच काय, प्रत्येक तालुक्याच्या गावी लाकडाची वखार असायची. मणावर जळण मिळायचं. लाकूड फोडणाऱ्याचा संच अगदी मोजका : एक जड कुऱ्हाड, लोखंडी पाचरी, घण आणि पहार. पद्धतही ठरलेली. ओंडका आधी नीट बघायचा. सुकताना लाकडाला जी चीर पडते, तिथे पाचर टेकवायची आणि हलक्या दोन टोल्यांनी बसवायची, मग घणाचा पूर्ण घाव. फार मोठा ओंडका असेल तर थेट मध्यावर जायचं नाही, कडेने ढलप्या काढत आत यायचं. गाठ दिसली की तिला वळसा घालायचा. आणि एक पाचर अडकली तर तिला सोडवायला दुसरी हवीच. हे सगळं पुस्तकात कुणी लिहिलं नाही, हाताकडून हाताकडे गेलं. गॅस आल्यावर ते हातच थांबले.

आता इथल्या मातीकडे येऊ. अरबस्तानात जळणाचा इतिहास वेगळा आहे. जळण गोळा करणारा तो 'हत्ताब', आणि त्याचं मुख्य हत्यार कुऱ्हाड नव्हे, दोर! दोर घेऊन जावं, पाठीवर मोळी आणून विकावी, ते हात पसरण्यापेक्षा बरं, असा उपदेश हदीसमध्ये आहे. देशच तसा. बुंधे कमी, झुडुपं जास्त. नज्दच्या वाळूत 'घदा' वाढतो. त्याचा निखारा इतका वेळ धगधगतो की अरबी काव्यात तो विरहाची उपमा होऊन बसलाय. डोंगराळ भागात 'समर' आणि 'तल्ह', म्हणजे आपल्या बाभळीच्या सख्ख्या चुलत बहिणी. वाळलेलं मोडून आणायचं, दोराने बांधायचं. फोडण्याचा प्रश्नच क्वचित यायचा.

मोठ्या प्रमाणावर तोड झाली ती आगगाडीसाठी. मदाइन सालेहचं जुनं स्टेशन आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. दमास्कस ते मदिना ही हिजाझ रेल्वे १९०८ साली पुरी झाली. पुढे पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, तेव्हा ऑटोमन सरकारने इंजिनात लाकूड घालायला सुरुवात केली. आजच्या जॉर्डनमध्ये शोबकजवळ ओकचं जंगल होतं. तिथपर्यंत केवळ लाकूड आणायला फाटा टाकला गेला. शतकानुशतकं वाढलेली झाडं काही वर्षांत धुरात गेली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच. लाकडाच्याच दांड्याने जंगल संपतं.

मग १९३८ साली दम्मामची सात नंबरची विहीर लागली आणि जळणाचं जगच पालटलं. मुंबईत स्वयंपाकाचा गॅस १९५५ पासून आला, हळूहळू वखारी ओस पडल्या. गंमत अशी की भारतात आयात होणाऱ्या गॅसचा भाव प्रामुख्याने ठरत आलाय तो सौदी आरामको दर महिन्याला जाहीर करते त्या किमतीवरून. म्हणजे आजीची चूल विझवली ती एका अर्थी इथल्याच जमिनीने, आणि आता इथे राहून नातवंडं हौसेने पुन्हा लाकूड पेटवतायत!

या हौसेला आता कायद्याची कडा आहे, ती प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. इथे झाड तोडणं हा गंभीर गुन्हा आहे. २०२० मध्येच सरकारी वकिलांनी दहा वर्षांपर्यंत कैद आणि तीन कोटी रियालपर्यंत दंडाचा इशारा दिला होता. स्थानिक जळण विकणं, साठवणं, वाहून नेणं यालाही घनमीटरमागे १६,००० रियालपर्यंत दंड आहे. वाळलेली फांदी दिसली म्हणून गाडीत टाकू नका. बाहेरून आयात केलेलं जळण घ्या, ठरलेल्या जागीच पेटवा. थोडक्यात, मराठीतला तोच फरक इथे कायद्याचा झालाय. तोडाल तर तुरुंग, फोडाल तर शेकोटी.

मग घ्यायचं काय? ओंडके मनगटाएवढेच असतील तर साधी कुऱ्हाड पुरते. मांडीएवढे असतील तर फोडायचीच जाड गालांची कुऱ्हाड घ्या, अडीच-तीन किलोची. फार वजन घेऊन मिरवू नका, दहाव्या घावाला हात थरथरला की पाय जायचा. त्याहून जाड किंवा गाठीचे असतील तर सरळ दोन पाचरी आणि एक घण. हे तिघं मिळून एका महागड्या कुऱ्हाडीपेक्षा जास्त काम करतात. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण कधी मारू नका, दांड्याचं भोक फाकतं. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून फुलतं, ते कानशीने घासून टाका, नाहीतर लोखंडाची कपची उडून डोळ्यात जाते. चष्मा हवाच. आणि ओंडका वाळूवर ठेवू नका, निम्मा घाव वाळूच पिते. खाली दुसरा ओंडका ठेवा.

मंडळी, पाचर, घण, ढलपी, वखार हे शब्द आपल्या मुलांना आता फक्त म्हणीत भेटतात. 'पाचर मारली' म्हणजे कुणीतरी काम अडवलं, एवढंच त्यांना ठाऊक. खरी पाचर अडवत नाही, वाट उघडते. पुढच्या थंडीत एखाद्या ओंडक्याला पोरांसमोर पाचर लावून बघा, लांब उभं करून. चीर पसरतानाचा तो कर्रर्र आवाज आला की शब्द समजावून सांगावा लागणार नाही. तुमच्या गावाकडे या हत्यारांना आणखी काही नावं असतील तर जरूर कळवा.